विश्लेषण : इकोच्या अहवालातला फुफ्फुसांचा ‘बीपी’ कितपत खरा? रिठदच्या रुग्णानं तो कसा वाचावा?

थोडं चाललं की दम लागतो, पायऱ्या चढवत नाहीत, संध्याकाळी पायांवर सूज येते. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, रिठदसारख्या गावात, या तक्रारींची उत्तरं ठरलेली असतात. वय झालं, अशक्तपणा आहे, रक्त कमी असेल, दमा असेल. बऱ्याचदा ही उत्तरं बरोबरही निघतात. पण काही जणांच्या बाबतीत खरं कारण वेगळंच असतं. हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला दाब वाढलेला असतो. वैद्यकीय भाषेत याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात आणि बोलीभाषेत ‘फुफ्फुसांचा बीपी’.

हा दाब दंडाला पट्टा बांधून मोजता येत नाही. त्यासाठी पहिली तपासणी असते हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच टूडी इको. छातीवर जेल लावून वीस-पंचवीस मिनिटं प्रोब फिरवला जातो आणि अहवालात एक आकडा येतो, उदाहरणार्थ ‘आरव्हीएसपी 48’. तिथून दोन चुका सुरू होतात. कुणी तो आकडा पाहून हबकतं आणि लगेच त्यावर गोळ्या सुरू होतात. कुणाचा आकडा कमी आलेला असतो, म्हणून ‘सगळं नॉर्मल आहे’ असं समजून फाइल कपाटात जाते. दोन्ही वेळी गैरसमज एकच असतो. इकोनं दाब मोजला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात इको दाबाचा अंदाज बांधतो. तो चाळणी आहे, निकाल नाही. आणि आपल्या आरोग्य व्यवस्थेची अडचण अशी, की ही चाळणी गावापासून लांब आहे आणि चाळून झाल्यावर पुढं कुठं जायचं, हे रुग्णाला कुणी लिहून देत नाही.

फुफ्फुसांचा ‘बीपी’ म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे पंप. डावा पंप सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, म्हणून तो ताकदीचा असतो. आपण 120/80 म्हणतो तो दाब त्याचा. उजवा पंप रक्त फक्त शेजारच्या फुफ्फुसांपर्यंत ढकलतो. तिथल्या रक्तवाहिन्या मऊ आणि पसरट असल्यानं त्याला फार जोर लावावा लागत नाही. निरोगी माणसात फुफ्फुसांच्या धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या साधारण 14 मिलिमीटरइतका असतो.

हा सरासरी दाब 20 च्या वर गेला तर त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणायचं, असं सध्याचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पूर्वी ही रेषा 25 वर होती. 2018 मध्ये फ्रान्समधल्या नीस इथल्या जागतिक परिषदेत ती खाली आणण्याचा प्रस्ताव झाला आणि 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी तो स्वीकारला. जगातल्या सुमारे 1 टक्का लोकांना हा त्रास असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे हा काही लाखात एखाद्याला होणारा दुर्मीळ आजार नाही. त्याचा एक प्रकार दुर्मीळ आहे, बाकीचे प्रकार आपल्या आजूबाजूलाच आहेत.

दाब वाढत गेला की उजवा पंप थकतो. तो आधी जाड होतो, मग फुगतो, मग हरतो. पायांवरची सूज, पोटात साठणारं पाणी, चालताना येणारी भोवळ ही त्या हरण्याची लक्षणं.

आपल्या भागात तो कशामुळे होतो?

डॉक्टर या आजाराचे पाच गट करतात. पहिल्या गटात खुद्द फुफ्फुसांच्या धमन्यांचा आजार आणि जन्मजात छिद्रासारखे हृदयदोष येतात. दुसऱ्यात हृदयाच्या डाव्या बाजूचे आजार, तिसऱ्यात फुफ्फुसांचे आजार, चौथ्यात फुफ्फुसांत अडकून राहिलेल्या गुठळ्या आणि पाचव्यात सिकलसेलसारखी इतर कारणं.

यातला दुसरा गट सर्वांत मोठा आहे. केरळमधल्या 50 रुग्णालयांनी मिळून सुमारे 2000 रुग्णांची नोंद केली होती. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीनुसार जवळपास 60 टक्के रुग्णांचं मूळ हृदयाच्या डाव्या बाजूत होतं. डावीकडे पाणी तुंबलं की दाब मागं, फुफ्फुसांपर्यंत चढतो. लहानपणीच्या घसादुखीनंतर सांधे सुजतात, त्यातून हृदयाची झडप आखडते आणि वीस-तीस वर्षांनी धाप लागते. संधिवाताच्या तापाचा हा जुना वारसा आपल्या ग्रामीण भागातून अजून संपलेला नाही.

तिसरा गट आपल्या चुलीपाशी सुरू होतो. गॅसची शेगडी घरोघर पोहोचली, तरी तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा धूर गेलेला नाही. आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या बाईलाही त्या धुरानं सीओपीडी होऊ शकतो. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. पीटर बार्न्स यांच्यासोबत 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच मुद्द्यावर विस्तारानं लिहिलं होतं. टीबी बरा झाल्यावर फुफ्फुसांत उरलेले व्रण हे आणखी एक कारण.

सिकलसेल तर विदर्भाचा परिचयाचा आजार आहे. या आजारात सतत फुटणाऱ्या रक्तपेशींचा परिणाम फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांवर होतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत रक्ततपासणीवर भर आहे. पण सिकलसेलच्या प्रौढ रुग्णाला धाप लागू लागली, तर पुढची तपासणी हृदयाची असते, ही माहितीही त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी.

इको न टोचता दाब कसा सांगतो?

या प्रश्नाचं उत्तर इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. उजव्या पंपाच्या तोंडाशी ट्रायकस्पिड नावाची झडप असते. पंप आकुंचन पावतो तेव्हा ती बंद व्हायला हवी. पण बहुतेक माणसांत तिच्यातून थोडं रक्त मागं गळतं. ही गळती किरकोळ असते, पण तिचा वेग खूप काही सांगून जातो. बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं दाबलं की आत दाब जितका जास्त, तितकी चिळकांडी जोरात उडते. इथंही तसंच.

चिळकांडीचा वेग डॉपलर तंत्रानं कळतो. जवळ येणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा आवाज बारीक आणि लांब जाणाऱ्या गाडीचा जाडसर ऐकू येतो, हे ख्रिश्चन डॉपलर यांनी 1842 मध्ये मांडलेलं तत्त्व. वेगावरून दाब काढायला डॅनियल बर्नूली यांच्या 1738 च्या सिद्धांताचं सोपं रूप वापरतात. वेगाचा वर्ग करा आणि 4 नं गुणा. वेग सेकंदाला 3 मीटर असेल, तर 3 गुणिले 3 म्हणजे 9, गुणिले 4 म्हणजे 36. त्यात उजव्या वरच्या कप्प्यातला दाब मिळवायचा. तो पोटातून येणाऱ्या मोठ्या शिरेची रुंदी पाहून ठरवतात आणि साधारण 3, 8 किंवा 15 यांपैकी एक आकडा धरतात. झाला तुमचा आरव्हीएसपी तयार.

1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथं इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधण्याचं यंत्र हृदयावर वापरलं आणि इकोची सुरुवात झाली. 1984 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या योक आणि पॉप यांनी गळतीच्या वेगावरून उजव्या पंपाचा दाब काढता येतो, हे रुग्णांवर दाखवून दिलं. चाळीस वर्षं झाली, तेच गणित आज वाशिमपासून वॉशिंग्टनपर्यंत वापरलं जातं.

मग चूक कुठं शिरते?

पहिली जागा म्हणजे तो वर्ग. वेग मोजताना 10 टक्के चूक झाली, तर दाबात 20 टक्क्यांच्या आसपास चूक होते. खरा वेग 3.3 असताना 3.0 मोजला गेला, तर 44 च्या जागी 36 येतात.

दुसरी जागा प्रोबचा कोन. चिळकांडीच्या अगदी समोरून पाहिलं तरच खरा वेग कळतो. 30 अंश तिरकं पाहिलं तर 3.4 चा वेग 2.9 दिसतो आणि 46 चा दाब 35 वर येतो. एका कोनामुळे ‘दाट शक्यता’ वाटणारा रुग्ण ‘बघू पुढं’ या रांगेत जातो. म्हणून चांगला तपासनीस तीन-चार बाजूंनी पाहतो आणि सर्वांत जास्त स्पष्ट वेग घेतो.

तिसरी जागा शिरेवरून धरलेला आकडा. त्याच 3 मीटरच्या वेगावर कुणी 3 मिळवले तर 39, कुणी 15 मिळवले तर 51. म्हणूनच 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मिळवलेल्या दाबापेक्षा मूळ वेगावर भर द्या.

चौथी गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. गळतीच नसेल, तर वेग मोजताच येत नाही. अहवालात ‘टीआर नाही’ असं लिहिलं म्हणजे दाब नाही, असं होत नाही. फक्त या वाटेनं तो कळला नाही, इतकंच. उलट झडप पूर्णच निकामी होऊन प्रचंड गळती असेल, तर हे गणित दाब कमी दाखवू शकतं. फुफ्फुसं फुगलेल्या सीओपीडीच्या रुग्णात तर हवेमुळे चित्रच नीट दिसत नाही. म्हणजे ज्या रुग्णाला तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच छातीवर ती सर्वांत अवघड.

आणि पाचवी गोष्ट शब्दांची. आजाराची रेषा 20 वर आहे ती सरासरी दाबाची. इको सांगतो तो वरचा दाब. अहवालात 30 पाहून ‘20 च्या वर आहे, म्हणजे आजार आहे’ असा हिशेब लावणं म्हणजे क्विंटलचा भाव किलोला लावण्यासारखं आहे.

अभ्यास काय सांगतात?

खरा दाब मोजायचा तर मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत नेऊन मोजावा लागतो. 1929 मध्ये जर्मनीच्या वर्नर फोर्समान यांनी अशी नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नेली होती. त्या वाटेनं पुढं झालेल्या कामासाठी 1956 चं नोबेल त्यांना इतर दोघांसह मिळालं. आजही पक्कं निदान याच तपासणीनं होतं.

इको आणि ही नळी समोरासमोर ठेवल्यावर काय दिसतं? अमेरिकेत फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या यादीतल्या 374 रुग्णांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इकोवरून दाबाचा अंदाज 44 टक्के रुग्णांतच काढता आला आणि काढलेल्या अंदाजांपैकी निम्म्याहून थोडे अधिक 10 मिलिमीटरपेक्षा जास्त चुकलेले होते. 2009 मधल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासातही जवळपास निम्म्या रुग्णांत फरक 10 च्या वर होता.

विदर्भासाठी सर्वांत बोलका अभ्यास फ्रान्सचा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सिकलसेलचे 398 प्रौढ रुग्ण होते. गळतीचा वेग 2.5 किंवा जास्त असलेले निघाले 27 टक्के. नळीनं दाब मोजल्यावर आजार पक्का झाला एकूण रुग्णांपैकी 6 टक्क्यांत. म्हणजे इकोनं बोट दाखवलेल्या दर चार जणांपैकी साधारण एकालाच प्रत्यक्षात तो आजार होता.

याचा अर्थ इको निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. तांदूळ पाखडताना सुपातून थोडे दाणेही उडतात, म्हणून कुणी सूप फेकून देत नाही. 398 पैकी सगळ्यांच्या हृदयात नळी घालायची की 27 टक्के लोकांकडे आधी लक्ष द्यायचं, हा प्रश्न आहे. तिथं इकोला तोड नाही.

इकोची खरी ताकद कुठं आहे?

माझ्या मते ती आकड्यात नाही, चित्रात आहे. मार्गदर्शक तत्त्वंही आकड्याऐवजी शक्यतेच्या भाषेत बोलायला सांगतात. वेग 2.8 किंवा कमी आणि दुसरी काही खूण नसेल, तर शक्यता कमी. 2.9 ते 3.4 असेल तर मध्यम. 3.4 च्या वर असेल तर जास्त. पण मधल्या पायरीवर, किंवा वेग मोजताच आला नाही तर, बाकीच्या खुणा निर्णायक ठरतात. उजवा पंप डाव्यापेक्षा मोठा दिसतोय का? दोन पंपांमधली भिंत डावीकडे ढकलली जाऊन डाव्या पंपाचा गोल आकार इंग्रजी डी अक्षरासारखा झालाय का? फुफ्फुसांची धमनी 25 मिलिमीटरहून रुंद आहे का? पोटातली मोठी शीर 21 मिलिमीटरहून रुंद असून श्वास घेतल्यावर पुरेशी दबत नाही का? अशा खुणा वेगवेगळ्या जागी जुळल्या, तर मध्यम शक्यतेचा रुग्ण वरच्या पायरीवर जातो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इको कारण दाखवतो. आखडलेली झडप, डाव्या पंपाचा थकवा, जन्मजात छिद्र हे सगळं त्याच बैठकीत दिसू शकतं. आखडलेली झडप फुग्यानं उघडली, की मागं चढलेला दाब पुष्कळ रुग्णांत उतरतो. जन्मजात छिद्र वेळेत बंद केलं तर पुढचं नुकसान टळतं. उशीर झाला तर तेच छिद्र बंद करणं धोक्याचं ठरतं. गुठळ्यांमुळे झालेल्या आजारात निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेनं आराम पडतो. म्हणजे ‘दाब किती’ यापेक्षा ‘दाब का’ हा प्रश्न रुग्णाचं आयुष्य ठरवतो.

चुकीच्या वाचनाची किंमत काय?

फुफ्फुसांच्या धमन्या सैल करणारी औषधं उपलब्ध आहेत. त्यातलं सिल्डेनाफिल सर्वांत ओळखीचं. 2005 पासून ते या आजाराच्या पहिल्या गटासाठी मान्यताप्राप्त आहे. अडचण अशी, की अहवालात मोठा आकडा दिसला की गट न पाहताच ते सुरू होण्याचा धोका असतो. स्पेनमध्ये झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या आणि तरीही दाब उरलेल्या 200 रुग्णांवर सिल्डेनाफिलची चाचणी झाली. 2018 मध्ये निकाल आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जणांत बिघडलेली होती. कारण साधं आहे. डावीकडे तुंबलेलं असताना उजवीकडून आणखी पाणी सोडलं, तर पूर फुफ्फुसातच येणार.

दुसरी किंमत न वाचण्याची. तिचा सर्वांत क्रूर हिशेब गरोदरपणात होतो. पोटात बाळ असताना हृदयावरचा भार खूप वाढतो. ज्या स्त्रीच्या फुफ्फुसांचा दाब आधीच वाढलेला आहे, तिच्यासाठी बाळंतपण जिवावर बेतू शकतं. ‘दिवस राहिलेत, दम लागणारच’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पण झोपल्यावर दम लागत असेल, भोवळ येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर त्या वाक्यावर थांबणं परवडणारं नाही. तिथं इको आजच व्हायला हवा.

मग मशीन गावाजवळ का येत नाही?

तंत्रज्ञान हा आता अडसर राहिलेला नाही. खिशात मावणारे प्रोब आले आहेत. 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं असं सॉफ्टवेअर मान्य केलं, जे प्रोब कुठं सरकवायचा ते वापरणाऱ्याला पडद्यावर सांगतं. इकोचा अनुभव नसलेल्या 8 परिचारिकांनी 240 रुग्णांची चित्रं त्याच्या मदतीनं घेतली आणि बहुतेक चित्रं निदानाला पुरेशी निघाली. मात्र तो अभ्यास चित्रांचा होता. डॉपलरनं वेग मोजायला अजूनही सरावलेला हात लागतो, हे विसरू नये.

खरा पेच कायद्याचा आणि माणसांचा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. इकोचं मशीनही सोनोग्राफीच्याच तंत्रावर चालतं. प्रोब बदलला तर त्यातून गर्भही दिसू शकतो. म्हणून त्याचीही नोंदणी लागते. 2012 च्या नियमदुरुस्तीनंतर हलवता येणारं मशीन नोंदणीकृत ठिकाणी दाखल रुग्णांसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. कुणी डॉक्टर मनात आणून प्रोब बॅगेत टाकून रिठदला शिबिर घेऊ म्हणाला, तर ते जमणार नाही.

हा कायदा सैल करा, असं मी म्हणणार नाही. मुलींच्या जिवासाठी तो आला आहे आणि त्याची गरज संपलेली नाही. पण नियमातच फिरत्या पथकाची वाट ठेवलेली आहे, ती सरकारनं स्वतः चालावी. मशीनवर नजर ठेवायचा अनुभवही महाराष्ट्राकडे आहे. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्याचा प्रयोग केला होता आणि मुंबई उच्च न्यायालयानं 2011 मध्ये तो उचलून धरला. सरकारी पथकाच्या इको मशीनला फक्त हृदयाचा प्रोब, प्रत्येक तपासणीची नोंद आणि अशी नजर ठेवली, तर कायदाही राखला जाईल आणि रुग्णही.

करता येण्यासारखं काय आहे?

लहान मुलांसाठी ही साखळी आपण आधीच उभी केली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात 2013 मध्ये पालघरमधूनच झाली. पथक अंगणवाडीत आणि शाळेत जातं, हृदयाची शंका आली तर मुलाला टूडी इकोसाठी पाठवतं, पुढं शस्त्रक्रियेची सोय होते. प्रौढांच्या तपासणी मोहिमांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कर्करोग आहे. धापेचं मात्र असं बोट धरून नेणारं कुणी नाही.

मोठं रुग्णालय बांधा, अशी ही मागणी नाही. तीन साध्या गोष्टी पुरतील.

पहिली, गावपातळीवर छोटी गाळणी. सहा मिनिटं सपाट जागी चालवायचं, आधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. कोविडच्या काळात हे यंत्र सगळ्यांच्या ओळखीचं झालं. ऑक्सिजन घसरला किंवा चालणं अर्ध्यावर थांबलं, की ईसीजीची पट्टी काढायची आणि रुग्णाला इकोच्या यादीत टाकायचं.

दुसरी, तालुक्याच्या ठिकाणी ठरलेला इकोचा दिवस. ऑक्टोबर 2024 मध्ये ज्या 10 सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात वाशिमचंही आहे. जिल्ह्याला महाविद्यालय मिळालं याचा अर्थ फक्त मुलांना जागा मिळाल्या, असा उरू नये. महिन्यातून दोनदा तिथला सरावलेला हात रिसोडला आला, तर रिठदच्या माणसाचा एक दिवसाचा रोज आणि गाडीभाडं वाचेल. सोयाबीनच्या सोंगणीत वावर सोडून वाशिम-अकोल्याच्या चकरा मारणं किती जणांना जमतं? तपासणी पुढं ढकलली जाते ती अज्ञानामुळे कमी आणि मजुरी बुडते म्हणून जास्त.

तिसरी गोष्ट फुकटातली आहे. अहवालाच्या शेवटी मराठीत चार ओळी लिहा. शक्यता कमी, मध्यम की जास्त. संभाव्य कारण डावीकडचं, फुफ्फुसाचं की आणखी कुठलं. पुढची तपासणी कोणती आणि कुठं. पुन्हा कधी यायचं. आजचा अहवाल एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र असतं. ते हातात धरून तीन एसटी बदलणाऱ्या माणसाला त्यातलं अक्षर कळत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चाळणी गावाजवळ आणली तर खोट्या शंकाही वाढतील आणि कॅथ लॅबपुढची रांगही. फ्रान्सचा अभ्यास तेच सांगतो. म्हणून लक्षणं नसलेल्या गावभर लोकांचा इको करा, असं मी म्हणत नाही. धाप, सूज, भोवळ असलेल्या, सिकलसेल, झडपेचा आजार किंवा जुना टीबी असलेल्या माणसांपासून सुरुवात करा. आणि ज्यांचं कारण इकोवरच स्पष्ट झालं, त्यातल्या पुष्कळ जणांना नळीची गरजही पडत नाही. मूळ आजारावरच उपचार सुरू होतात.

अहवाल हातात आला की काय विचाराल?

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारायला संकोच करू नका. गळतीचा वेग किती आला आणि तो नीट दिसला का? उजव्या पंपाचा आकार आणि ताकद कशी आहे? डावी बाजू आणि झडपा ठीक आहेत का? दाब वाढलाय तर माझ्या बाबतीत कारण काय वाटतं? गोळी सुरू करण्याआधी आणखी कुठली तपासणी हवी का?

वय, लठ्ठपणा, वाढलेला नेहमीचा रक्तदाब, रक्त कमी असणं यामुळेही आकडा थोडा वर जाऊ शकतो. म्हणून एकट्या 38 किंवा 40 ला घाबरू नका. पण ‘इको नॉर्मल आहे’ असं सांगितल्यावरही धाप वाढतच असेल, तर तपासणी पुन्हा करून घ्या. सुरू असलेली गोळी मनानं बंद करू नका आणि शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळी घेऊ नका. चालताना शुद्ध हरपली, ओठ निळे पडले, खोकल्यातून रक्त आलं, तर शिबिराची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

सेकंदाला 3 मीटरचा वेग रिठदच्या छातीतही तोच असतो आणि मुंबईच्या छातीतही. गणित दोघांना सारखंच लागू होतं. फरक पडतो तो गणित कोण करतं, किती लवकर करतं आणि उत्तर आल्यावर पुढची वाट कोण दाखवतं, यानं. तो फरक मशीननं मिटणार नाही. तो सरकारनं ठरवलं तरच मिटेल.